दुसऱ्या दिवशीचं भाषण

सर टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचे. कर्वेनगरमधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं टीव्ही बिघडलाय. मी तसं म्हणालोसुद्धा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "टीव्ही चांगला आहे. आत दिसताहेत ती माणसं बिघडलेली आहेत. बसा."

पडद्यावर कुठल्याशा परदेशातला एक पुढारी मूठ आपटून बोलत होता. सर त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "याला लहानपणी जेवताना बोलायची परवानगी नव्हती. आता हा सगळ्या देशाला जेवू देत नाही."

हसावं की नाही ते मला कळेना. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मी करमाळ्याचा. वडील एसटीच्या आगारात टायर बदलायचे, आई बालवाडीतल्या मुलांची खिचडी शिजवायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुण्याला आलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटायची, कारण मी "आहे"च्या जागी "हाय" म्हणायचो आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसायचं. एका मित्राने सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ वक्तृत्व शिकवतात, पैसे घेत नाहीत, पण विक्षिप्त आहेत. पैसे घेत नाहीत एवढंच मी ऐकलं.

पहिल्या दिवशी मी सरांना हात जोडून म्हणालो, "सर, माझी भाषा सुधारायची हाय."

सर म्हणाले, "भाषा राहू द्या. 'हाय' पण राहू द्या. काय हाय ते आधी सांगा."

त्यानंतर मी कोणासमोर "हाय" म्हणायला घाबरलो नाही, आणि गंमत म्हणजे वर्षभरात ते आपोआप कमीही झालं. आज मी एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. पन्नास-साठ मुलांसमोर न अडखळता उभा राहतो. ते सगळं सरांचं आहे. पुढे जे सांगणार आहे, ते सांगताना हे मी विसरलेलो नाही.

सर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणाचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी सरली. कानामागे पेन्सिल असायची, तिला ब्लेडने इतकं टोक काढलेलं की बघूनच टोचावं. आमची भाषणं ते त्या पेन्सिलीने तपासायचे. विशेषण दिसलं की काट. "ज्वलंत प्रश्न" लिहिलं की विचारायचे, "कुठे जळतोय? फायर ब्रिगेडला कळवलंत का?" लग्न केलेलं नव्हतं. सकाळी दूध-पोळी, रात्री दूध-पोळी. मधे कोणी काही खायला आणलं तर "आपण खा, मी बघतो," म्हणायचे आणि खरंच बघत बसायचे.

सगळ्यांना अहो-जाहो. नववीतल्या पोरालाही "अहो" म्हणायचे. नावं मात्र कोणाचीच घ्यायची नाहीत. जो जिथून आला ते त्याचं नाव. मी करमाळा. बाकी मुलं येत-जात राहायची, पण माझ्याच कॉलेजातली दोघं कायमची होती. एकाला सर स्वारगेट म्हणायचे, कारण त्याच्या वडिलांचं स्वारगेटजवळ बॅगांच्या चेन आणि चाकं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. दुसरी होती भवानी पेठ. तिच्या घरी तसबिरींना चौकटी करण्याचा धंदा, आजोबांपासूनचा. मुसलमान कुटुंब, पुण्यात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता यायचं नाही. ती एकदा म्हणाली होती, "अर्ध्या पेठेचे गणपती आमच्या काचेत आहेत." आमच्यात सगळ्यात चांगलं बोलायची ती.

सरांचा वर्ग गच्चीवर भरायचा. आम्ही पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बोलायचो आणि सर आमच्याकडे पाठ करून ऐकायचे. टाळ्या वाजवायला सक्त मनाई. कारण विचारलं तर म्हणायचे, "टाकी टाळ्या वाजवत नाही, म्हणून तिच्यासमोर माणूस खरं बोलतो."

टाळी या गोष्टीवर त्यांचा राग होता. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या देशात मूल चार वर्षांचं झालं की पाहुण्यांसमोर उभं करतात आणि म्हणतात, म्हण रे कविता. त्याला कवितेचा अर्थ कळायच्या आधी टाळी कळते. मग शाळेत प्रश्नाला एकच उत्तर, गाइडमध्ये छापलेलं. अर्धं बरोबर असं काही नसतंच. "टाळी पाहिजे आणि अर्धं बरोबर चालत नाही. हे दोन्ही ज्याच्यात मुरलं, तो मोठेपणी माइक हातात घेऊन दुसरं काय करणार?"

मी विचारलं होतं, "मग परदेशात का होतात असले लोक? तिथं तर कविता म्हणायला लावत नाहीत."

"तिकडे पोराला वेगळ्या खोलीत एकटं झोपवतात. इकडे एकटं सोडतच नाहीत. घाबरतात दोघंही. त्यांचा पुढारी भिंत मागतो, आपला गर्दी मागतो."

हे कुठल्या पुस्तकात आहे का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "पुस्तकात असतं तर तुम्ही वाचलं असतंत का?"

आवाज बंद करून बातम्या बघण्यामागे हेच होतं. शब्द काढून टाकले की माणसाचं बालपण हातात दिसतं, असं ते म्हणायचे. हा मार खाल्लेला. हा कायम पहिला आलेला. याला मोठा भाऊ होता. आमच्यासाठी तो खेळ होता. स्वारगेट तर सरांची नक्कल करून दाखवायचा: "याला लहानपणी श्रीखंड कमी वाढलं!" सरही हसायचे.

एकदाच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. पाच वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पाहुण्यांपुढे उभं केलं. कविता अर्ध्यात विसरली. पाहुणे हसले ते ठीक, पण वडीलही त्यांच्यात मिळून हसले. एवढं सांगून सरांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. मी पुढचं विचारलं नाही. सरांना आयुष्यात एकही बक्षीस मिळालेलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की प्रत्येक विषयाला दोन दिवस. चिठ्ठी काढायची, जी बाजू येईल ती पहिल्या दिवशी मांडायची. आपल्याला पटो न पटो, शक्यतो न पटणारीच आलेली बरी. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने आपलंच भाषण पाडायचं. आदल्या दिवशी कुठे फसवलं ते ऐकणाऱ्याला उघड करून दाखवायचं. पहिल्या दिवशी कितीही भारी बोला, दुसरा दिवस झाल्याशिवाय विषय संपला असं सर मानायचे नाहीत. "विष बनवायला शिकवलं तर उतारा शिकवणं माझं काम आहे," असं ते म्हणायचे आणि ते पाळायचे. माझ्या माहितीत एकदाच पाळलं नाही.

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा जवळ आली होती. विषय जाहीर झाला होता: आपला शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा हक्क माणसाला असावा. स्वारगेटला बाजूने बोलायची चिठ्ठी आली, भवानी पेठला विरोधात. स्वारगेट टाकीसमोर उभा राहिला आणि दोन मिनिटांत गडबडला. "सर, हे मला पटतच नाही. आमच्या दुकानात रोज संध्याकाळी बाबांचे मुसलमान दोस्त, आमचे चाचा लोक, येऊन बसतात. मी कोणत्या तोंडाने बोलू?"

"पटायला कोणी सांगितलंय? बाजूला व्हा," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून स्वतः बोलायला उभे राहिले.

तीन मिनिटं बोलले. आवाज मुळात बारीक, त्या दिवशी आणखीच खाली. सुरुवात अशी होती: "माझा कोणावर राग नाही." मग हळूहळू घर, उंबरा, घरात वाढणाऱ्या मुली, आजारी म्हातारी माणसं. मग म्हणाले, "घराला दार कशासाठी असतं? भिंत असतेच की. दार असतं ते लावून घेण्यासाठी." एवढं म्हणून उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरली आणि एखादं दार हलकेच लोटावं तशी पुढे केली. आणि शेवट: "दार उघडं ठेवणाऱ्याला लोक आधी मोठ्या मनाचा म्हणतात, चोरी झाल्यावर मूर्ख म्हणतात. तुम्हाला काय म्हणवून घ्यायचंय, ते तुम्ही ठरवा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते पटलं होतं. मी, ज्याला पुण्यात खोली मिळताना जात विचारली गेली होती, त्याला. आणि मी टाळ्या वाजवल्या. स्वारगेटने वाजवल्या. भवानी पेठनेसुद्धा वाजवल्या. सरांनी आम्हाला थांबवलं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, लहान मुलासारखं, जे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"उद्या याचा निकाल लावू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या तारखा दोन दिवस अलीकडे आल्याचं कळलं. सर म्हणाले, आधी स्पर्धा होऊन जाऊ द्या. स्वारगेटने सरांचं भाषण पाठ केलं, बोटांसकट. फिरता करंडक आम्हाला मिळाला. कॉलेजला विचारून वर्षभर तो सरांच्या कपाटावर ठेवला होता आणि सर दर रविवारी चिंच लावून तो घासायचे. ज्या माणसाला टाळी सहन होत नव्हती, तो करंडक घासत होता, यात काही विचित्र आहे असं आम्हाला वाटलं नाही. आम्ही खूश होतो. दुसऱ्या दिवसाचं भाषण झालंच नाही.

मग आम्ही पांगलो. मला नोकरी लागली, मी कर्वेनगरमध्येच भाड्याने राहिलो, रविवारी सरांकडे जात राहिलो. भवानी पेठ औषधशास्त्र शिकून त्याच भागातल्या एका कॉलेजात शिकवू लागली. स्वारगेट राजकारणात गेला एवढं ऐकून होतो. आधी एका पुढाऱ्याच्या मागे, मग शेजारी, मग त्याच्याशी भांडून स्वतःचा गट. सर म्हणायचे, "रस्त्यावरच्या खड्ड्यांवर चांगलं बोलतात म्हणे आपले स्वारगेट."

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. नेहमीप्रमाणे टीव्ही मुका होता. मोठी सभा दाखवत होते, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस दुरून, खाली नाव यायच्या आधी. सरांचा चष्मा मी पुसत होतो, तरी त्यांनी सुरू केलं. "याला घरी कोणी विचारत नव्हतं. हात बघा, कसे मागताहेत..." आणि ते थांबले. पडद्यावरच्या माणसाने दोन बोटं हवेत धरली होती. ती त्याने हलकेच पुढे लोटली.

"करमाळा," सर म्हणाले, "आवाज वाढवा."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. रिमोट कुठे असतो हेही मला माहीत नव्हतं. तो सापडेपर्यंत शेवटची वाक्यं आली होती. मोठ्या मनाचा म्हणतात, मूर्ख म्हणतात, तुम्ही ठरवा. स्वारगेटचा आवाज, सरांचे शब्द, सरांचे थांबे. फक्त एक फरक होता. आम्ही गच्चीवर ऐकलं त्यात कोणाचं नाव नव्हतं. स्वारगेटने शेवटी एका समाजाचं नाव घेतलं होतं. कोणाला घर द्यायचं नाही, कोणाच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, ते सरळ सांगितलं होतं. आणि हजारो माणसं उभी राहून ओरडत होती.

मी सरांकडे बघू शकलो नाही. चष्मा हातात होता तो पुसत राहिलो.

ती चित्रफीत मग सगळ्यांच्या फोनवर फिरली. माझ्या कॉलेजातल्या मुलांनी मला दाखवली. "काय बोलतो ना हा माणूस, सर," एक मुलगा मला म्हणाला. मी त्याला सांगू शकलो नाही की हे मी आधी ऐकलंय, आणि मीही टाळ्या वाजवल्यात.

त्याच सुमारास सरांच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. मालक मुलाकडे परदेशी चालले होते. भवानी पेठला घर हवंच होतं. पेठेतल्या घराचा जिना उभा आणि अंधारा, तिच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले. आई आठ महिने खाली उतरलीच नव्हती. या इमारतीला लिफ्ट होती आणि तिचं कॉलेज चालत दहा मिनिटांवर. मालकांना ती पसंत होती, कर्ज मंजूर झालं होतं. सोसायटीचं ना-हरकत पत्र बाकी होतं, आणि तिथे अडलं. कायद्याने असं अडवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी नाही म्हणत नव्हतं, फक्त सभा बोलावली. मालक तिला म्हणाले, "माझं काही नाही हो, पण जाता जाता वाद नको."

सर सोसायटीच्या सभेला कधी जायचे नाहीत. या वेळी म्हणाले, "मी बोलणार आहे." सहा दिवस पेन्सिलीने लिहीत होते. मला वाचून दाखवलं आणि घड्याळ लावायला सांगितलं. अकरा मिनिटं झाली.

"सर, कमी करा थोडं."

"तीन मिनिटांत घातलेली घाण आहे," ते म्हणाले. "उपसायला अकरा लागतात."

सभा पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. मी सभासद नाही, पण सरांना धरून आणणारा म्हणून मला बसू दिलं. भवानी पेठलाही बोलावलं होतं, ओळख करून द्यायला. ती शेवटच्या रांगेत बसली होती. विषय निघताच एका गृहस्थाने फोन वर धरला आणि स्वारगेटचं भाषण सगळ्यांना ऐकवलं. "मी काही बोलत नाही. मला बोलता येत नाही एवढं छान. पण यातलं चूक काय ते कोणी सांगावं."

सर उठले. "मी सांगतो. हे भाषण खोटं आहे. मला माहीत आहे, कारण ते मी केलेलं आहे. बारा वर्षांपूर्वी, याच गच्चीवर, एका विद्यार्थ्याला शिकवायला."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. मला वाटलं, बसला घाव.

चेअरमन पुढे वाकले. "म्हणजे मूळ भाषण तुमचं?"

"हो."

"शब्दन् शब्द?"

"नाव सोडून सगळं."

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहो, मग इतकी वर्षं सांगितलं नाहीत कसं? आपल्या सोसायटीत एवढा मोठा माणूस राहतो आणि आम्ही मेंटेनन्सच्या नोटिसा पाठवतोय."

कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. एक आजोबा उठून सरांचा हात हातात घ्यायला आले. सर म्हणत होते, "ऐका, मी त्याच्या विरुद्ध बोलायला उभा आहे," पण ते टाळ्यांत गेलं. टाळ्या थांबल्यावर त्यांनी कागद काढले आणि वाचायला लागले. "या इमारतीत एकदाच चोरी झाली. वॉचमनने केली नाही, कामवालीने केली नाही. सेक्रेटरींच्या भाच्याने केली."

यावर बाई संतापल्या, चेअरमन म्हणाले विषयाला धरून बोला, मागून कोणी म्हणालं, "सर, दम लागलाय तुम्हाला, बसा आता, तुमचं खूप झालं." दुसऱ्या पानाच्या पुढे कोणी ऐकलं नाही.

तेव्हा सर वळले आणि शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "भवानी पेठ, तुम्ही बोला. विरोधात तुम्हीच होतात. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोलता."

ती उभी राहिली. आवाज अजिबात चढला नाही. "सर, तेव्हा मला चिठ्ठी आली होती, म्हणून मी विरोधात होते. आज मी चिठ्ठी काढून आलेली नाही. मी घर घ्यायला आलेय." आणि पर्स उचलून निघून गेली.

मी मागे धावलो. गेटपाशी ती रिक्षा बघत होती. जे इतकी वर्षं मनात होतं तेच मी विचारलं. "त्या दिवशी तू टाळ्या का वाजवल्यास?"

"मला वाटलं होतं, सर उद्या उत्तर देणार आहेत," ती म्हणाली.

सभेत विषय तहकूब झाला. म्हणजे नाही म्हटलं नाही आणि पत्रही दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्वारगेट सरांकडे आला. सभेतली बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. बाहेर दोन गाड्या, दारात चार माणसं. त्याने मात्र बूट बाहेर काढले, वाकून पायांवर डोकं ठेवलं. मी तिथेच होतो. मलाही मिठी मारली. "करमाळा, अरे जाडा झालास!" तोच मोकळा मुलगा. मला वाटलं होतं, त्याच्या डोळ्यांत काहीतरी भयंकर दिसेल. काहीच दिसलं नाही, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला.

"सर, तुम्ही चारचौघांत सांगितलंत की भाषण तुमचं आहे. मला भरून आलं."

"कौतुक म्हणून नव्हतं सांगितलं," सर म्हणाले. "तुम्हाला ते खरं वाटतं का?"

"काय, सर?"

"जे रोज बोलता ते."

त्याने खरंच विचार केला. सरांपुढे तो कधी खोटं बोलला नव्हता. "सर, मी आधी पाण्यावर बोलायचो, खड्ड्यांवर बोलायचो. आकडे पाठ करून जायचो. लोक मागच्या मागे उठून जायचे. एकदा काही सुचेना, तेव्हा हे आठवलं. घेतलं. माणूस जागचा हलला नाही. पुढच्या सभेत लोकांनीच मागितलं, दाराचं होऊ द्या म्हणाले. आता रोज घेतो. आणि रोज घेतलं ना सर, की पटतही जातं."

"वडील काय म्हणतात?"

"ते नाही ऐकत. दुकान बंद केलं त्यांनी. दोस्त यायचे बंद झाले ना."

सरांनी मग जे विचारलं, ते मी कधी विसरणार नाही. फार आशेने विचारलं. "लहानपणी मारायचे का तुम्हाला?"

स्वारगेट हसला. "बाबा? कधी चापट नाही मारली, सर. मला बनवलं ते तुम्हीच."

सरांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनी भवानी पेठच्या घराची गोष्ट सांगितली. सगळी, आईच्या गुडघ्यांसकट. स्वारगेट ऐकता ऐकता ताठ झाला. "आपली भवानी पेठ? तिला अडवलं? कोण आहे चेअरमन?" मी नंबर दिला. त्याने तिथूनच फोन लावला. दोन मिनिटांच्या आत काम झालं. त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. फोन ठेवून म्हणाला, "झालं सर. सोमवारी पत्र मिळेल." आणि त्याच्या माणसाने आणलेली शाल त्याने सरांच्या खांद्यावर घातली.

सरांनी ती काढून टाकली नाही. "आभारी आहे," असं म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिला फोन केला. लाज वाटते सांगायला, पण मी आनंदात होतो. ती सगळं ऐकून घेत होती.

"चेअरमनना काय सांगितलं त्याने?"

बदलून सांगावं असं मनात आलं. "म्हणाला, ती तसली नाही. माझ्या शब्दावर द्या."

"सर तिथेच होते?"

"हो."

तिने फोन कानापासून दूर नेल्यासारखं वाटलं.

"फोटो आलाय फोनवर," ती म्हणाली. "सर शाल घालून बसलेत, हा पायाशी बसलाय. गुरूंचे आशीर्वाद म्हणून टाकलाय. कोणी काढला?"

"मी. त्यानेच फोन हातात दिला."

"बरं," ती म्हणाली. "चाव्या कधी मिळतील, तेवढं विचारून ठेव. आईला सांगायचंय."